थोडं वचन, पण दिवसभर: वावरातल्या माणसाने प्रार्थना आणि मनन कसं करावं

नव्या वर्षाच्या उपासनेनंतर आमच्या मंडळीत एक तक्ता वाटला जातो: वर्षभरात संपूर्ण बायबल. घरोघरी तो कपाटाच्या दाराला चिकटतो. उत्पत्ति हे पहिलं पुस्तक झपाट्याने वाचून होतं, कारण त्यात गोष्टी आहेत. निर्गमाचा पहिला अर्धा भागही सरतो. मग निवासमंडपाची मापं येतात, पडदे येतात, खुंट्या येतात, आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचता पोचता इकडे हरभरा काढणीला आलेला असतो. तक्ता होळीपर्यंत तिथेच लटकतो, मग पोरं त्याची विमानं करतात. मी स्वतः असे पाच तरी तक्ते बुडवले आहेत.

यात तक्त्याची चूक नाही. बायबलात एकूण ११८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन अध्यायांहून जास्त. पहाटे उठून चूल, ढोरं, डबे आणि मग दिवसभर वावर अशी ज्यांची वाट आहे, त्यांना तीन अध्याय वाचायला जमले तरी त्यातला एक शब्दही दुपारपर्यंत आठवत नाही. माझी सासू तिसरी शिकलेली होती. ती रोज चारपाच ओव्यांपलीकडे (अध्यायातल्या क्रमांक घातलेल्या वाक्याला आम्ही ओवी म्हणतो) कधी गेली नाही, पण तिला विचारलं की "आज काय वाचलं?" तर ती संध्याकाळीसुद्धा सांगू शकायची. मला नाही सांगता यायचं. हा लेख तिच्या पद्धतीबद्दल आहे. त्यात मी पुढे वाचून-ऐकून थोडी भर घातली आहे.

बायबलातल्या स्तोत्रांच्या पुस्तकात, पहिल्या स्तोत्रात, नीतिमान माणूस परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो असं म्हटलंय. आपण मनन म्हटलं की डोळे मिटून गप्प बसलेला माणूस डोळ्यांपुढे आणतो. पण तिथला मूळ हिब्रू शब्द 'हागा' आहे, आणि त्याचा अर्थ पुटपुटणं, हलक्या आवाजात घोळवणं असा होतो. यशयाच्या ३१व्या अध्यायात शिकारीवर बसलेल्या सिंहाच्या गुरगुरण्याला आणि ३८व्या अध्यायात पारव्याच्या घुमण्यालाही हाच शब्द आहे. म्हणजे मनन ओठांनी आणि घशाने करायची गोष्ट आहे. ते निंदताना करता येतं, भाकर थापताना करता येतं, मोटरपंपावर बसूनही करता येतं. त्यासाठी थोडं पण घट्ट असं काहीतरी तोंडात असावं लागतं, इतकंच.

आधी जागा, मग वेळ

मत्तय ६:६ (सहावा अध्याय, सहावी ओवी) मध्ये येशू म्हणतो की प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव. खेड्यातल्या माणसाला हे वाचून हसू येतं. दोन खोल्यांत सहा माणसं आणि एक म्हातारी खोकणारी. दार कुठलं लावणार? पण इथे 'खोली'साठी जो ग्रीक शब्द आहे, तो साठवणीच्या खोलीचा. लूक १२:२४ मध्ये कावळ्यांना कणगी नाही, कोठार नाही असं म्हणताना तोच शब्द येतो. येशूच्या ऐकणाऱ्यांच्या घरात बहुधा तेवढ्याच एका खोलीला दार असायचं, कारण तिथे दाणे ठेवलेले असायचे. तर देवघरासारखी वेगळी, सजवलेली जागा हवीच असं नाही. आमच्या घरी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापसाची गंजी असते त्या खोलीत मी बसते. कापसात आवाज मुरतो, मोठ्याने वाचलं तरी बाहेर कोणाला ऐकू जात नाही. तुमच्याकडे गोठा असेल, धुऱ्यावरचं कडुलिंबाचं झाड असेल, जागलीचं मचाण असेल. जागा रोज तीच ठेवा. आठपंधरा दिवसांत तिथे बसलं की मन आपोआप खाली बसायला लागतं.

वेळ घड्याळावर ठरवू नका. कृषिपंपाची लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ओलिताला रात्रभर जागलेल्या माणसाने पहाटे पाचचा नेम कसा पाळायचा? वेळ कामाला बांधा. चहा उकळून खाली उतरवला की, दूध काढून झालं की, मोटर सुरू करून पाणी सरीला लागलं की. आमच्या गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते. भोंग्यावर पहिला सूर लागला की सासू चष्मा शोधायला उठायची. शेजाऱ्यांच्या भक्तीने तिचं घड्याळ लावून दिलं होतं, आणि ती हे मोकळेपणाने सांगायची.

सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. तासभराचा संकल्प करू नका, तो चौथ्या दिवशी मोडतो. फोनवर वाचत असाल तर आधी फ्लाइट मोड लावा. छापलेलं पुस्तक मात्र फोनपेक्षा बरं. त्यात पेन्सिलीने खूण करता येते, आणि घरातली लहान पोरं तुम्हाला फोन बघताना न पाहता वचन वाचताना पाहतात.

काय वाचायचं: हंगाम पाहून ठरवा

शेतकऱ्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, मृगाला सुरू होतं. वाचनाचं वर्षही तिथूनच धरलं तर टिकतं.

जून-जुलैत डोकं आभाळाकडे असतं, पेरणी साधली की दुबार करावी लागेल या काळजीत. तेव्हा लांब वाचन होत नाही. स्तोत्रं घ्या, आणि एक स्तोत्र दोनतीन दिवस पुरवा. १, १३, २३, ४६, ६५, ९०, १०३, १२१, १२६, १३० एवढी दहाच घेतली तरी महिना जातो. ६५वं स्तोत्र पाऊस पडल्यावर वाचा. ढेकळं विरघळतात, सऱ्यांना पाणी मिळतं हे त्यात लिहिलंय, आणि ज्याने वावर पाहिलंय त्याला ते शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळतं.

ऑगस्ट-सप्टेंबरात डवरणी, निंदण, फवारणी. तेव्हा मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे मार्काने सांगितलेली येशूची गोष्ट. सोळा अध्यायांचं, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान, आणि त्यात येशू सारखा चालत असतो, एका गावातून दुसऱ्या गावात. रोज एक प्रसंग घ्या, अध्याय नको. वेचणी लागली की बाया घरी येतात तेव्हा पाठ मोडलेली असते. त्या दिवसांत फिलिप्पैकरांस पत्र किंवा याकोबाचं पत्र घ्या, रोज चार ओव्या. डिसेंबरात लूकाचे पहिले दोन अध्याय सावकाश वाचले तर नाताळ नुसता अनारसे आणि नव्या कपड्यांवर संपत नाही.

लांब वाचायचं ते फेब्रुवारी ते मे. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडता येत नाही, तेव्हा उत्पत्ति, पहिलं शमुवेल आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात येशूच्या दुःखसहनाचे अध्याय वाचा. रूथचं पुस्तक चार अध्यायांचं आहे, ते एका बैठकीत मोठ्याने वाचून काढा. परक्या मुलखातून आलेली एक विधवा सासूला जगवण्यासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते, ही गोष्ट आमच्या बायांना समजावून सांगावी लागत नाही. आणि तो सरवा तिला मिळतो कशामुळे? लेवीयाच्या १९व्या अध्यायात नियम आहे की पीक कापताना शेताचे कोपरे साफ करू नका, पडलेली कणसं गोळा करू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. माझे पाच तक्ते ज्या पुस्तकात अडकले त्याच पुस्तकामुळे रूथ जगली. हे मला फार उशिरा समजलं.

दोन सवयी मात्र सोडा. एक, डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ती ओवी आजचा संदेश मानायचा. दुसरी, व्हॉट्सअॅपवर फुलांच्या चित्रावर आलेलं एकच वचन घेऊन दिवस काढायचा. यिर्मया २९:११ घ्या. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, अशा अर्थाचं ते वचन लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळीकडे दिसतं. पण ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या अगदी आधीच्या ओवीत देव सांगतो की सत्तर वर्षं लागतील. त्याआधी सांगतो की तिथे घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा आणि ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं मागा. म्हणजे हे वचन ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांनी परतीचा दिवस पाहिलाच नसणार. हे कळल्यावर वचनाची गोडी कमी होत नाही, पण "या आठवड्यात नोकरी लागणार" असा त्याचा अर्थ काढायची हिंमत होत नाही. म्हणून नेम एवढाच: कोणतंही वचन मनाला लागलं की त्याच्या आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा ओव्या वाचायच्या.

भाषा जड वाटत असेल तर दोन भाषांतरं शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, त्यामागे साध्या, कमी शिकलेल्या माणसाला कळावं हीच तळमळ होती. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. तर शब्द न कळणं ही लाज वाटायची गोष्ट नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फोनवर मराठी बायबलचं ध्वनिमुद्रण आहे, किंवा शाळेत जाणारं नातवंड आहे. पोराने वाचायचं आणि आजीने थांबवायचं.

वाचायचं कसं

बाराव्या शतकात गिगो नावाचा, कार्थुसियन या कॅथलिक संघातला एक मठवासी होता. त्याने वचन वाचण्याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोर नुसतं असणं. मी त्यात फारशी भर घालू शकत नाही. आपल्या घरात ते कसं करायचं तेवढं सांगते.

बसल्यावर आधी तीनचार श्वास शांत घ्या आणि एका वाक्यात सांगा, "प्रभू, मी ऐकायला आलेय." मग निवडलेला भाग मोठ्याने वाचा, कोणी गोष्ट सांगतंय अशा चालीत. दुसऱ्यांदा वाचताना सावकाश चला. कुठेतरी पाय अडखळेल: एखादा शब्द आवडेल, एखादा टोचेल, एखादा समजणारच नाही. तिथे थांबा. टोचलेला शब्द आवडलेल्या शब्दापेक्षा पुष्कळदा जास्त कामाचा असतो. तिसऱ्यांदा वाचताना प्रश्न विचारा: इथे कोण बोलतंय, कोणाला? माझ्या घरात, माझ्या शिवारात हे कुठे घडतंय? यात मी कोण आहे?

एक उदाहरण सविस्तर देते, कारण नुसत्या पायऱ्या वाचून काही हाती लागत नाही. मत्तय २०:१ ते १६, द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला. मालक पहाटे मजूर ठरवतो, दिवसाला एक दीनार, म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. मग नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता आणि दिवस मावळायला एक तास राहिला असताना पाच वाजताही मजूर बोलावतो. पैसे वाटताना शेवटच्यापासून सुरू करतो आणि सगळ्यांना सारखाच एक दीनार देतो.

आमच्या घरसभेत हा भाग आला तेव्हा कापूसवेचणीचे दिवस होते. वेचणी किलोवर असते, जेवढा कापूस तेवढे पैसे. पहिल्या वाचनानंतर एक बाई उसळलीच, "मालक येडा हाय का बाई? असं केलं तं उद्या सकाळून कोन येईन कामाले?" पाळकसाहेब घाईने म्हणाले की हा देवाच्या कृपेचा दाखला आहे. ते खरंच आहे, पण त्या बाईचा राग तेवढ्याने जाणार नव्हता, आणि जायलाही नको होता. हा दाखला ऐकून राग आला नाही तर तो ऐकलाच नाही असं समजा. पहाटेच्या मजुरांनाही रागच आला होता, आम्ही दिवसभराचा भार आणि ऊन सोसलं असं ते म्हणतात.

दुसऱ्या वाचनात कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी सातव्या ओवीवर अडली. मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, कारण आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. म्हातारी म्हणाली, "मलेबी आता कोनी बोलावत नाही. हात चालत नाई म्हून." तोवर आम्ही सगळे त्या पाचवाल्यांना आळशी धरून चाललो होतो. ठिय्यावर संध्याकाळपर्यंत उभा राहणारा माणूस आळशी नसतो; आळशी असता तर सकाळीच घरी गेला असता. तो म्हातारा असतो, लंगडा असतो, परक्या गावचा असतो. आणि त्याच्या घरच्या चुलीला अर्ध्या दिवसाचं पीठ पुरत नाही.

मग प्रार्थना. उसळलेल्या बाईनेच केली, मला ती शब्दशः आठवते: "देवा, मले तुयं हे पटलं नाही. पन मी बी कधी पाच वाजता आलेली असीन तं मले त्याची आठवन दे. आमेन." गेल्या वीस वर्षांत ऐकलेल्या प्रार्थनांत ही मला सगळ्यात चांगली वाटते. वचनातून निघालेली प्रार्थना अशी असते: त्यात वचन असतं, आणि आपण खरे कोण आहोत तेही असतं.

शेवटी दोनतीन मिनिटं गप्प बसा. काही ऐकू येईल, प्रकाश दिसेल अशी वाट पाहू नका. बैल पाण्यावर नेला की तो पितो आणि थोडा वेळ तिथेच उभा राहतो, तेवढंच. मग ज्या शब्दावर अडखळलात तो शब्द किंवा ती ओळ घेऊन उठा.

दिवसभर

सकाळची ओळ कामात कशी न्यायची हे मला सासूने पातीवर दाखवलं. निंदणाला बसलं की प्रत्येकीच्या वाट्याला पात, म्हणजे निंदायची एक पट्टी, येते. ती पातीच्या सुरुवातीला ओळ एकदा म्हणायची आणि धुऱ्याला पोचल्यावर एकदा. मधल्या वेळात गप्पा, हसणं, कोणाच्या सुनेचं काय झालं ते सगळं चालायचं. तिच्या ओळी अगदी लहान असायच्या. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे." लूकाच्या १८व्या अध्यायातला जकातदार म्हणतो ती, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." एवढी एक ओळ आठवडाभर पुरते. ज्यांना पाठांतर जमत नाही त्यांनी हाताच्या तळव्यावर पेनाने एक शब्द लिहावा, पोरं परीक्षेला लिहितात तसा. घामाने दुपारपर्यंत पुसला जातो, पण तोवर आत गेलेला असतो.

मागायचं कसं, भांडायचं कसं

प्रार्थनेची भाषा आपली बोली असावी. उपासनेतली "हे परमदयाळू सर्वसमर्थ" ही भाषा सुंदर आहे आणि मंडळीत ती शोभते. घरी मात्र, ज्या भाषेत तुम्ही आईला हाक मारता त्या भाषेत बोला.

आणि चांगलंच बोललं पाहिजे असं समजू नका. १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत "कुठवर" असा प्रश्न चार वेळा आहे. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही, तरी ते बायबलात आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून पोखरली, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा एका सभेत कोणीतरी हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ३:१७-१८ वाचलं: अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन. वाचणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण समोरच्या माणसांच्या तोंडावर काहीच हललं नाही. कारण हबक्कूक एकदम तिसऱ्या अध्यायात पोचला नव्हता. पहिल्या अध्यायात तो देवाशी भांडतो, मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस असं म्हणतो. दुसऱ्यात बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट पाहतो. कोणाचं पीक गेलं असेल तर त्याच्याबरोबर आधी पहिला अध्याय वाचा. तिसऱ्याला तो आपल्या वेळेने येईल.

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना रोज म्हणत असाल तर आठवड्यातून एकदा ती तुकड्यातुकड्याने म्हणा, प्रत्येक वाक्यावर दोन मिनिटं. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथे 'आमची' आहे, 'माझी' नाही. शेजारच्या घरी आज चूल पेटली का, हे या वाक्यात आपोआप येतं. आणि पुढचं वाक्य तर आपल्याच भागासाठी लिहिल्यासारखं आहे. मराठीत आपण म्हणतो की जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. मत्तयातला मूळ ग्रीक शब्दही देण्याघेण्याचाच, कर्जाचा आहे. सातबाऱ्यावर बोजा असलेल्या माणसाला या शब्दाचं वजन शिकवावं लागत नाही. मत्तय १८ मधला दाखला याच्याबरोबर वाचा: दहा हजार तालान्त, म्हणजे जन्मात न फिटणारं कर्ज, सुटलेला चाकर बाहेर पडून शंभर दीनारांसाठी दुसऱ्याची नरडी धरतो. मग एका माणसाचं नाव घ्या, ज्याचं आपल्याकडे काही येणं आहे असं आपल्याला वाटतं: पैसा, माफी, मान, धुऱ्याची हातभर जागा. त्याचं ऋण आज सोडता येत नसेल तर तसंच देवाला सांगा. खोटं सोडू नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे. नवरा दारू पिऊन मारतो आणि बाईला सांगितलं जातं की सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर, हे मी कानांनी ऐकलंय. मत्तय १८ मध्येच, त्या ओवीच्या थोडं आधी, चुकणाऱ्या भावाला आधी एकट्याने, मग दोघातिघांना घेऊन आणि मग मंडळीपुढे जाब विचारायची रीत दिली आहे. ती सोडून फक्त बाईला क्षमेचा पाठ देऊ नये.

तसंच आजारात प्रार्थना करा आणि दवाखान्यात जा, दोन्ही. टीबीच्या गोळ्या विश्वासाच्या नावाखाली बंद करू नका, साप चावला तर आधी गाडी शोधा आणि प्रार्थना गाडीत करा. पौलाने कलस्सैकरांस पत्रात लूकला प्रिय वैद्य म्हटलंय. कर्जाने, नापिकीने जगणंच नको वाटत असेल तर ते देवाला सांगा आणि त्याच दिवशी एका माणसालाही सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वही हवीच. शाळेची शंभर पानी चालते. डाव्या पानावर तारीख, ओवी आणि अडखळलेला शब्द, उजव्या पानावर ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं. समोर जागा सोडा, काय झालं ते नंतर लिहायला. बरं झालं तेही लिहा, नाही झालं तेही लिहा. माझ्या वहीत एका नावासमोर अकरा वर्षं जागा रिकामी आहे. ते नाव मी काढून टाकलेलं नाही.

घरची उपासना

रात्री जेवणं झाल्यावर, मालिका सुरू व्हायच्या आधी, दहा मिनिटं. घरातल्या कर्त्या पुरुषानेच प्रवचन दिलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. एक गीत, पाचसहा ओव्या, एक प्रश्न, एक छोटी प्रार्थना. वाचणारा रोज बदला. प्रश्न पोरांना विचारू द्या. आमच्या नातवाने विचारलं होतं की येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राची आई कुठे होती, आणि त्यावर आम्ही तीन रात्री बोलत होतो.

गीत आपल्या चालीचं घ्या. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची गीतं लिहिली, ती आपल्या गीतपुस्तकांत आहेत. ही गीतं पेटीशिवाय, नुसत्या टाळावर म्हणता येतात. मोठ्या आवाजाच्या पेटाऱ्यावर लावलेल्या ट्रॅकमागे घरातली म्हातारी माणसं गात नाहीत, नुसती बसून राहतात.

झोपताना अंथरुणावर दोन मिनिटं दिवस मागे फिरवून पाहा. येशूसंघाचा संस्थापक इग्नाती लोयोला याने सोळाव्या शतकात ही रीत शिकवली: आज कुठे देवाने हात दिला, कुठे मी तोंड फिरवलं, उद्या कोणाशी बोलायला हवं. रोज पापांची यादीच करू नका, आधी आभार. ओलं जळण असूनही चूल पेटली, एवढंसुद्धा चालतं.

रविवारी मंडळीत गेल्यावर आठवड्यात अडलेला शब्द कोणाला तरी विचारा. एकट्याने लावलेला अर्थ कधीकधी आपल्या सोयीचा निघतो. आमच्याकडे पाळकसाहेब महिन्यातून दोनदाच येतात, म्हणून उरलेल्या दोन रविवारी आम्ही मागच्या प्रवचनाचाच भाग पुन्हा वाचतो आणि काय जमलं, काय नाही ते बोलतो. त्या दोन रविवारी लोक जास्त बोलतात.

खंड पडल्यावर

पडणारच. वेचणी, बाळंतपण, पाहुणे, मयत, आणि कधी काहीच कारण नसताना नुसता कंटाळा. बारा दिवस राहिले म्हणून तेराव्या दिवशी बारा दिवसांचं वाचन भरून काढायला बसू नका. ही काही सोसायटीची थकबाकी नव्हे, हिच्यावर व्याज चढत नाही. त्या दिवसाची तारीख टाका आणि मागे जिथे थांबलात तिथली एकच ओवी वाचा. अगदीच कोरडं वाटत असेल तर मार्क ४:२६ ते २९ घ्या. तिथला माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी उगवून वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. मधल्या काळात तो याहून जास्त काय करतो हे येशू सांगतच नाही.

सासू गेल्यावर तिचं बायबल माझ्याकडे आलं. त्यात खूण म्हणून पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वाळलेलं पान आहे, फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, पाचव्या ओवीपाशी. तिथे पेन्सिलीने दोन तारखा लिहिल्या आहेत, एक ऑक्टोबरातली, एक जानेवारीतली. मधे सगळी वेचणी गेली होती. जानेवारीच्या तारखेपुढे तिने सहावी ओवी वाचल्याची खूण केली आहे.